‘घरात कोणाला सांगू नका’

(नौपाड्यात ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी ठाण्यातल्याच एका शाखेत होतो. एके सकाळी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई मुदत ठेव मोडायला आल्या. मुदतीआधी ठेव मोडणारा माणूस न विचारताही कारण सांगतो. नातवाचा प्रवेश असतो, गुडघ्याचे ऑपरेशन असते, गावच्या घराचे छप्पर असते. या बाई मात्र काहीच बोलेनात. पर्स त्यांनी छातीशी घट्ट धरली होती आणि तिची चेन अर्धवट उघडी होती. आमच्या काउंटरवरच्या मुलीला शंका आली. तिने स्लिपच्या मागे लिहिले, ‘काकू, पर्समधला फोन चालू आहे का?’ बाईंनी मान डोलावली. मुलीने खुणेनेच परवानगी घेतली, फोन बाहेर काढला आणि बंद केला. त्यानंतरची वीस मिनिटे बाई नुसत्या रडत होत्या. बँकेत कोणी विचारलेच तर घराच्या दुरुस्तीसाठी पैसे हवेत असे सांगा, हेसुद्धा फोनवरच्या माणसाने त्यांच्याकडून आधी घोकून घेतले होते.

आज मला जे सांगायचे आहे ते सगळे त्या अर्ध्या उघड्या पर्समध्ये आहे. ॲप बदलतात, निमित्ते बदलतात, कधी कस्टम्सचे पार्सल असते तर कधी आधार कार्डावर उघडलेले बनावट खाते. परंतु फोनवरून धाक घालून लुबाडण्याच्या या धंद्याचा सारा डोलारा दोन आज्ञांवर उभा असतो. फोन ठेवू नका, आणि घरात कोणाला सांगू नका.

या आज्ञा नव्या नाहीत आणि आपल्या जिल्ह्याला तर त्या मुळीच नव्या नाहीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले होते, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिथली तरुण मुले अमेरिकी नागरिकांना फोन करून आपण तिकडच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी आहोत असे सांगत, कर थकल्यामुळे आता अटक होईल अशी धमकी देत आणि दुकानातून गिफ्ट कार्डे विकत घेऊन त्यांवरचे आकडे वाचून दाखवायला लावत. मुलांच्या हाती काय बोलायचे याची लिखित संहिता होती. समोरचा घाबरला तर कोणते वाक्य, त्याने शंका घेतली तर कोणते, हे आधी ठरलेले असे. आज जो ‘अधिकारी’ आपल्याला व्हॉट्सॲपवर गणवेश दाखवतो तो त्याच जातीची संहिता वाचत असतो. म्हणूनच त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण आपण विचाराल त्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ लिहून ठेवलेले असते. उत्तर नसते ते फक्त फोन बंद झाल्यावर काय करायचे याचे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. तुम्हाला अटक झाली आहे असे फोनवरूनच सांगून माणसाला व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवतात, त्याला हे लोक ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. या नावाची कोणतीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती नाही आणि त्याआधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही नव्हती. पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी जे दंडक घालून दिले, त्यांत अटकेचा लेखी पंचनामा करावा, त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित नागरिकाची साक्ष घ्यावी आणि नातेवाइकाला वा मित्राला अटकेची खबर द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे खरा पोलीस घरच्यांना कळवायला कायद्याने बांधलेला आहे, आणि खोटा पोलीस घरच्यांना कळू देत नाही. खऱ्याखोट्याची याहून सोपी कसोटी मला तरी सापडलेली नाही. ओळखपत्राचा फोटो, मागे टांगलेला ध्वज, न्यायालयाचा शिक्का, यांतले काहीही तपासत बसण्याची गरज उरत नाही.

शिकलेली माणसे कशी फसतात, असे तरुण मंडळी थोड्या उपहासाने विचारतात. माझे मत असे आहे की शिकलेली माणसेच या विशिष्ट सापळ्यात सहज सापडतात, आणि त्यातही आपल्यासारखी, ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे मंत्रालयात, रेल्वेत, बँकेत किंवा शाळेत नोकरी केली. साहेबाचा आवाज चढला की उभे राहायचे, कागद मागितला की फाइल काढायची, चौकशीला सहकार्य करायचे, ही सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. आपल्याला तुरुंगाचे भय वाटते त्याहून सोसायटीत बभ्रा होण्याचे अधिक वाटते. फोनवरच्या माणसाला हे ठाऊक असते. तो आपल्या लोभाला हात घालत नाही, आपल्या सचोटीला घालतो.

सगळेच फोन इतके भारदस्त नसतात. ‘मागील महिन्याचे बिल अद्ययावत नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडली जाईल’ हा संदेश आणि त्याखाली कोणा ‘अधिकाऱ्या’चा खासगी मोबाइल क्रमांक, हा प्रकार आपल्याकडे महावितरणच्या नावाने बराच फिरला. बिल भरलेला माणूससुद्धा तो वाचून दचकतो. वास्तविक विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. सरकारी काम किती संथ असते याची तक्रार आपण जन्मभर केली. तोच संथपणा इथे आपल्या कामी येतो. ‘आज रात्री’ असे म्हणणारे खाते खरे नसते.

नोव्हेंबर महिना जवळ आला की निवृत्तिवेतनधारकांना हयातीच्या दाखल्यासाठी फोन येतात. जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल स्वरूपात, आपण स्वतःहून द्यायचे असते. त्यासाठी कोणी फोन करून ओटीपी मागत नाही. लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून येणारी फाइल ‘एपीके’ या अक्षरांनी संपत असेल तर ती पत्रिका नसून ॲप असते, आणि ते मोबाइलमध्ये घेतले की आपले संदेश, त्यांतल्या ओटीपींसह, परस्पर दुसऱ्याला वाचता येतात. पत्रिका उघडताना फोनने ‘इन्स्टॉल’ असे विचारले, की तिथेच थांबावे. कुरिअरवाला म्हणवणारा कोणी स्टार ४०१ स्टार आणि पुढे एक क्रमांक दाबायला सांगेल. ती फोन दुसरीकडे वळवण्याची आज्ञा आहे. दूरसंचार विभागाने ही सोय १५ एप्रिल २०२४ पासून स्थगित करायला लावली होती, तरी कोणाच्या सांगण्यावरून काही दाबू नये. आणि यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच नाही. जुना सोफा विकायला काढलेल्या माणसाला हे ऐन वेळी आठवत नाही, म्हणून आज पुन्हा सांगितले.

इतके करूनही पैसे गेलेच, तर मग एकेका तासाला किंमत असते. तुमच्या खात्यातून गेलेली रक्कम थेट चोराच्या खिशात जात नाही. ती आधी कोणा तिसऱ्याच्याच खात्यात जाते, तिथून फुटून आणखी काही खात्यांत, आणि शेवटी एटीएममधून किंवा आभासी चलनाच्या रूपाने बाहेर पडते. १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदली, की ती साखळीतल्या बँकांपर्यंत पोहोचते आणि जिथे रक्कम शिल्लक असेल तिथे ती गोठवता येते. बाहेर पडलेली रक्कम गोठवता येत नाही. क्रमांक लागत नसेल तर तसेच बसून राहू नये. आधी आपल्या बँकेला कळवावे, मग जवळच्या पोलीस ठाण्यात जावे, आणि तक्रारीचा पोचक्रमांक लिहून घ्यावा.

बँकेचा माणूस म्हणून एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर तुमच्यावर भार पडत नाही. मात्र पिन किंवा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान तुमचे, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. लाजेपोटी घालवलेली रात्र अशी सरळ रुपयांत मोजली जाते.

आता थोडे नातवंडांविषयी. मघाशी म्हटलेली तिसऱ्याची खाती येतात कुठून? पुष्कळदा ती कॉलेजातल्या मुलांची असतात, ज्यांना कोणी थोड्या कमिशनवर ‘फक्त खाते वापरायला दे’ असे सांगितलेले असते. त्या मुलाने कोणाला फोन केलेला नसतो, पण पोलिसांना पहिला पत्ता त्याचाच मिळतो. कोणाच्या पासबुकात अचानक मोठी रक्कम येऊन तासाभरात गेलेली दिसली, तर त्याच्याशी प्रेमाने पण त्याच दिवशी बोलावे.

बाहेर टेबलाशी दोन मुली लॅपटॉप घेऊन बसल्या आहेत. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावाने किती सिम कार्डे चालू आहेत हे त्या दाखवतील; त्यांतले एखादे आपले नसेल तर तिथेच तसे कळवता येते. त्यासाठी आपल्या मोबाइलवर एक ओटीपी येईल. तो आपला आपणच टाकावा. मुली चांगल्या घरच्या आहेत, माझ्या ओळखीच्या आहेत, तरी त्यांनाही तो सांगू नये. आणि त्यांनी विचारलाच, तर मला येऊन सांगावे.