गाडी आधी खालून पाहावी

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती जवळ आले की आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुन्या गाड्यांची चौकशी सुरू होते आणि वर्षानुवर्षे साठवलेले पैसे घेऊन एखादे कुटुंब विक्रेत्याच्या दारात उभे राहते. गाडी धुऊन-पुसून, पॉलिश करून ठेवलेली असते. आपण तिच्याभोवती एक फेरी मारतो, मीटरवरचे किलोमीटर वाचतो आणि भावाला लागतो. माझे आग्रहाचे सांगणे असे, की किनाऱ्यावरच्या माणसाने गाडी आधी खालून पाहावी.

याचे कारण आपली खारी हवा. वाऱ्याबरोबर आलेले मीठ पत्र्यावर बसते, हवेतला दमटपणा धरून ठेवते आणि रंगाला जिथे बारीक चीर गेली असेल तिथून गंज आत शिरतो. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छोटी छिद्रे असतात. ती मातीने बुजली की पावसाचे पाणी दरवाज्यातच साचते. त्या कडेवरून बोट फिरवावे, रंगाखाली फोड आल्यासारखे लागले तर आतला पत्रा गेला असे समजावे. चाकांवरच्या कमानी, डिकीतली स्टेपनी उचलल्यावर दिसणारा खळगा आणि बॉनेटखाली शॉक ॲब्सॉर्बर जिथे वर बोल्टने आवळलेले असतात ती जागा, ही ठिकाणे चुकवू नयेत. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवले आणि एखाद्या जागी ते धरेना, तर तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असण्याचा संभव मोठा.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक गाडी जवळजवळ घेतलीच होती. तिला खालून नवे काळे कोटिंग मारलेले होते आणि मालकाने किती निगा राखली आहे पाहा, असे मला सांगण्यात आले. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी ती गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत ते पुढे सरकले. सगळीकडे टणटण वाजत होते. चालकाच्या सीटखाली मात्र आवाज बद्द आला. त्यांनी टोक जरा दाबले, तसे ते सरळ आत गेले आणि त्यांच्या तळहातावर काळ्या खपल्यांबरोबर तांबडा भुगा पडला. त्या दिवसापासून नव्या कोटिंगची मला धास्तीच वाटते. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर न्यायला जो विक्रेता तयार होत नाही, त्याच्याकडे मी पुढची बोलणी करत नाही.

दुसरी गोष्ट पुराची. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा उभ्या गाड्या बुडाल्या. अशी गाडी दुरुस्त होऊन दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येऊ शकते आणि सुरुवातीला ती नीट चालतेही. पण वायरिंगच्या जोडांत राहिलेला ओलावा महिनोन् महिने आपले काम करत राहतो. म्हणून प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. रोजच्या वापरात त्याचा आतला भाग बाहेर येत नाही, त्यामुळे गाळाची रेघ तिथे टिकून राहते. पायाखालचे कार्पेट उचलावे, फ्यूजच्या पेटीत हिरवट बुरशीसारखे काही दिसते का ते पाहावे, आणि गाडीत अत्तराचा वास फारच दरवळत असेल तर काचा बंद करून थोडा वेळ आत बसावे, म्हणजे त्याखाली दडलेला कुबट वास कळेल.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. आपण पोहोचण्याआधीच बॉनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. डिपस्टिकवरचे, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचे ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, तो सौदा सोडावा. फेरी सपाट रस्त्यावर न मारता एखाद्या चढावर मारावी, कारण उद्या तिला आंबा किंवा कुंभार्ली घाट चढायचा आहे. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, असे झाले तर क्लचप्लेट संपली आहे.

राहिली कागदपत्रे. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चेसिस क्रमांक आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी, स्वतः ताडून पाहावा आणि दंडाची थकीत चलने परिवहन खात्याच्या ई-चलन पोर्टलवर तपासावीत. आरसीवर नाव असलेल्या मालकाने सही केलेले मालकी बदलाचे फॉर्म २९ व ३०, आणि आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा, वित्तसंस्थेची सही असलेला फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.