पाळीवरची सायकल, तलावातलं वल्हं

मंडळी, पूर्व विदर्भात सायकल चालवायला आणि नाव वल्हवायला नव्या वाटा बांधाव्या लागणार नाहीत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी भातासाठी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, बांधल्या. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालकी, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. आज आपण त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतो. त्यांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, आणि शेतातल्या पांदणी, हाच आपला सायकलमार्ग आहे.

गोंदिया-बल्लारशा लाइनवर अर्जुनी मोरगावला उतरा. एक दिवस नवेगावबांधला द्या. दुसऱ्या दिवशी प्रतापगड, गोठणगावची तिबेटी वसाहत आणि पुढे गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण करा. चढ फारसा नाही, त्यामुळे गिअरची भारी सायकल नसली तरी चालेल. टायर मात्र रुंद हवा. पांदणीत बाभळीचा काटा पडलेला असतो. तो टायरमधून थेट ट्यूबमध्ये घुसतो आणि आत मोडून बसतो. नुसती ट्यूब बदलून भागत नाही; टायरच्या आतून बोट फिरवून मोडकं टोक शोधायचं, नाहीतर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते.

आता पाण्याकडे येऊ, कारण खरी काळजी मला तिथली वाटते. शहरातून कयाक घेऊन येणाऱ्याला तलाव रिकामा दिसतो. तो रिकामा नसतो. मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे असतो. पाण्यात जाळी लावलेली असतात, कुठे शिंगाड्याचे वेल पसरलेले असतात. वल्ह्याच्या एका फटक्यात जाळं फाटतं आणि त्या घरची कमाई जाते. म्हणून आधी संस्थेत जाऊन विचारा आणि त्यांचाच माणूस सोबत घ्या. डोंगा चालवण्यात हयात गेलेल्या माणसाला बुडालेला खुंट कुठे आहे, गाळ कुठे आहे, सगळं ठाऊक असतं. त्याला पूर्ण मजुरी द्या. माझं तर ठाम मत आहे की हे जलमार्ग त्याच संस्थांनी चालवावेत, बाहेरच्या ठेकेदारानं नव्हे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. सकाळी पाणी संथ असतं. वारा उठला की काठ धरून परत फिरायचं, आणि पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट काढायचं नाही. याच दिवसांत स्थलांतरित बदकं उतरतात, त्यांच्या थव्यात नाव घालू नका. गोंदियात सारसही आहे. जोडी दिसली की लांबच थांबा. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल किंवा नाव न्यायची नाही.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडू लागली की भल्या पहाटे जंगलालगतच्या पांदणीनं जाऊ नका. त्या वेळी झाडाखाली अस्वल असू शकतं. मोहफुलं वेचणाऱ्या बायांना विचारा. अस्वल कुठल्या बाजूला फिरतंय, हे त्याच सांगतील.