बचावपटूची नोकरी

अध्यक्ष महाराज, संयोजक मंडळी आणि समोर बसलेले सगळे फुटबॉलवाले,

पत्रिकेत विषय छापलाय 'इंग्लंडमधील व्यावसायिक बचावपटूची कारकीर्द'. संयोजकांचा फोन आला होता, "वकीलसाहेब, सामने-बिमने सांगणार ना?" म्हटलं, सांगतो, पण थोडे. माझी हयात कामगार न्यायालयात गेली. मला कुठलाही माणूस दिसला की आधी त्याचं नेमणूकपत्र बघावंसं वाटतं. आणि गेली कित्येक वर्षं मी घरात, बाररूममध्ये, लग्नाच्या पंगतीत एकच गोष्ट सांगत आलोय, की बचावपटू हा खेळाडू नंतर, कामगार आधी. आज पहिल्यांदाच मला माइक मिळालाय, त्यामुळं सोडणार नाही.

तर त्याचा पगार, त्याच्या करारातली कलमं आणि त्याचं डोकं यांवर बोलायचंय. डोकं म्हणजे अक्कल नव्हे, ज्यानं तो हेड मारतो ते. ते शेवटी घेऊ, खरं तर मुख्य भाग तोच आहे.

कोल्हापुरात बचावपटूची बाजू मांडायची म्हणजे अवघडच. पाटाकडील आणि प्रॅक्टिस या आपल्या दोन संघांचा सामना असला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते, पण दुसऱ्या दिवशी बातमीत काय येतं? गोल मारणाऱ्याचं नाव, मिनिटासकट. स्टॉपरनं, म्हणजे मधल्या बचावपटूनं, काय केलं? काही नाही. त्याच्या हातून चूक झाली तर मात्र नाव येतं, तेही मिनिटासकट. मी स्वतः पेठेतल्या एका संघात स्टॉपर होतो. एका स्पर्धेत आम्ही अंतिम फेरीपर्यंत एकही गोल खाल्ला नाही. वर्तमानपत्रात आमच्या फॉरवर्डचा फोटो आला. त्यानं ते कात्रण अजून जपून ठेवलंय. समोरच बसलाय, हसतोय बघा.

असो. नील फ्रँकलिन. हे नाव कुणी कुणी ऐकलंय, हात वर करा. एक हात दिसतोय. ते आमचे मेहुणे आहेत, त्यांना पर्याय नव्हता.

फ्रँकलिनचा जन्म १९२२ चा, स्टोक-ऑन-ट्रेंटचा. चिनीमातीच्या भांड्यांचं गाव, भट्ट्यांचा धूर, आणि गावचा क्लब स्टोक सिटी. पोरगा तिथंच सेंटर हाफ झाला, म्हणजे आपला स्टॉपर. त्या काळचा इंग्लिश सेंटर हाफ म्हणजे धिप्पाड गडी, चेंडू दिसला की थेट गॅलरीत. फ्रँकलिनचं तसं नव्हतं. तो चेंडू पायाशी घ्यायचा, मान वर करून बघायचा आणि आपल्याच माणसाला शांतपणे पास द्यायचा. स्वतःच्या पेनल्टी बॉक्समध्ये! आपल्याकडं स्टॉपरनं हे केलं असतं तर लोक त्याला घरापर्यंत सोडायला आले असते, आणि प्रेमानं नव्हे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ ते १९५० इंग्लंड ओळीनं २७ आंतरराष्ट्रीय सामने खेळलं, आणि सत्ताविसाच्या सत्तावीस सामन्यांत सेंटर हाफ एकच, फ्रँकलिन. इकडं स्टोकही जोरात. १९४७ साली शेवटचा सामना जिंकला असता तर लीग त्यांची होती. शेफील्ड युनायटेडकडून २–१ हरले. त्याआधी थोडेच दिवस क्लबनं आपला गाजलेला विंगर स्टॅन्ली मॅथ्यूज ब्लॅकपूल क्लबला विकला होता. लीग तोंडाशी आलेली असताना मॅथ्यूज विकणारं व्यवस्थापन! अशी व्यवस्थापनं मी जवळून पाहिलीत, पण ती साखरेची आणि सुताची होती. नावं घेत नाही, अजून काही खटले चालू आहेत.

आता पगार. फ्रँकलिनला हंगामात आठवड्याला १२ पौंड मिळायचे आणि उन्हाळ्यात १०. तुम्ही म्हणाल, किमान वेतन असेल. नाही हो! कमाल! मी आयुष्यभर किमान वेतनासाठी भांडलो. यापेक्षा जास्त पगार देणं गुन्हा, असा नियम मालकांनीच करून ठेवलेला धंदा मला इंग्लिश फुटबॉलमध्ये सापडला. १९०१ मध्ये हा नियम आला तेव्हा मर्यादा ४ पौंडांची होती. पन्नास वर्षांत १२ वर आली. मॅथ्यूजलाही तीच मर्यादा, फ्रँकलिनलाही तीच. आणि फाटकावरचा गल्ला? १९४८–४९ च्या हंगामात इंग्लिश लीगचे सामने बघायला ४ कोटी १० लाखांहून जास्त तिकिटं फाटली. तो पैसा कुठं गेला हे विचारायला त्या मैदानात एकही वकील नव्हता.

पगारापेक्षा वाईट होतं ते कराराचं कलम. 'रिटेन अँड ट्रान्सफर' म्हणायचे त्याला. करार एका वर्षाचा. वर्ष संपलं तरी क्लबनं तुमचं नाव राखीव यादीत ठेवलं की तुम्ही दुसरीकडं जाऊ शकत नाही. नोंदणी क्लबकडं, पाय तुमच्याकडं. तुम्ही म्हणालात, या अटींवर सही करत नाही, तर घरी बसा, पण दुसऱ्या क्लबात जायचं नाही. इथं ऊस लावणारे लोक बसलेत, त्यांना मी काय सांगायचं? झोनबंदी आठवते का? ऊस तुमचा, घाम तुमचा, पण घालायचा कुठल्या कारखान्याला हे दुसऱ्यानं ठरवायचं. तीच गोष्ट. फक्त इथं उसाच्या जागी माणूस.

आणि मग १९५० साली बोगोटा आलं.

कोलंबियातल्या क्लबांचं आपल्याच राष्ट्रीय संघटनेशी वाजलं आणि त्यांची लीग फिफाच्या बाहेर गेली. बाहेर गेल्यामुळं ट्रान्सफर फीचं बंधन उरलं नाही. जगातला कुठलाही खेळाडू उचला, त्याच्या क्लबला दमडी देऊ नका, सगळे पैसे खेळाडूला द्या. त्याच सुमारास अर्जेंटिनात फुटबॉलपटूंचा संप झाला होता. संप म्हटलं की माझे कान टवकारतात. त्या संपानंतर तिथले बडे बडे खेळाडू कोलंबियात गेले, त्यात आल्फ्रेदो दि स्टेफानो, मियोनारिओस क्लबमध्ये. म्हणजे बघा, एकीकडून संपकरी आले आणि दुसरीकडून, इंग्लंडमधून, झोनबंदीतले. १९५० च्या मे महिन्यात फ्रँकलिन आणि स्टोकचाच जॉर्ज माउंटफर्ड गुपचूप निघाले आणि बोगोटाच्या सांता फे क्लबमध्ये दाखल झाले. पुढच्याच महिन्यात ब्राझीलमध्ये वर्ल्ड कप. फ्रँकलिननं इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला आधीच कळवलं होतं, घरगुती कारणामुळं येणं जमणार नाही.

इंग्लंडमध्ये जो गहजब झाला! देशद्रोही काय, लोभी काय. मँचेस्टर युनायटेडचा चार्ली मिटनही गेला, त्याला तर 'बोगोटाचा दरोडेखोर' असं नाव पडलं. मी विचारतो, दरोडा कुणावर? आठवड्याला १२ पौंड घेणाऱ्यानं जास्त पगाराची नोकरी धरली तर दरोडा, आणि त्याला हजारो पौंडांना विकणारा क्लब मात्र सभ्य गृहस्थ?

बोगोटात जाऊन त्याचं भलं झालं असतं तर गोष्ट सोपी होती. समुद्रसपाटीपासून जवळपास २,६०० मीटर उंच शहर. दोनच वर्षांपूर्वी गाइतान नावाच्या पुढाऱ्याचा खून होऊन शहर पेटलेलं, अजून संचारबंदी. घरच्यांना करमेना. सहा सामने खेळून फ्रँकलिन परतला. माउंटफर्ड थांबला, मिटनही थांबला. हा आला, आणि आल्याबरोबर फुटबॉल असोसिएशनची बंदी गळ्यात. स्टोकनं त्याला पुन्हा संघात घेतलं नाही, पण सोडूनही दिलं नाही. नोंदणी त्यांच्याकडंच होती ना! १९५१ मध्ये त्यांनी त्याला दुसऱ्या डिव्हिजनमधल्या हल सिटीला २२,५०० पौंडांना विकलं. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याचे २२,५००. आणि नव्या क्लबात सही करताना खेळाडूला नियमानं जास्तीत जास्त किती द्यायचे? १० पौंड. हे मी न्यायाधीशांपुढं मांडलं असतं तर त्यांनी चष्मा काढून पुसला असता.

इंग्लंडसाठी तो पुन्हा कधीच खेळला नाही. हलमध्ये गुडघ्यानं सतावलं, मग क्रू, मग स्टॉकपोर्ट. नंतर काही वर्षं कोल्चेस्टर युनायटेडचा मॅनेजर. १९९६ मध्ये गेला.

इकडं ब्राझीलमध्ये, २९ जून १९५०, बेलो होरिझोन्ते, इंग्लंड अमेरिकेकडून १–० हरलं. फ्रँकलिनच्या जागी लिव्हरपूलचा लॉरी ह्यूज होता. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, गोल चुकवणारे फॉरवर्डच होते. बघितलं? पुन्हा फॉरवर्ड! १९५३ मध्ये हंगेरीनं वेम्बलीवर ६–३ धुतलं. त्यांचा सेंटर फॉरवर्ड हिडेगकुटी मागं सरकला, त्याच्यामागं जायचं की जागेवर थांबायचं हे इंग्लंडच्या सेंटर हाफला शेवटपर्यंत कळलं नाही. फ्रँकलिनला कळलं असतं. हे माझं मत आहे, पुरावा मागू नका. शेवटी १९५४ च्या वर्ल्ड कपमध्ये बिली राइटला मधल्या फळीतून मागं आणलं तेव्हा ती जागा भरली. तोच पुढं आंतरराष्ट्रीय सामन्यांची शंभरी गाठणारा जगातला पहिला खेळाडू झाला.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटे.' अध्यक्ष महाराज, मी अजून पगारावरच आहे! बरं, पळतो.

हक्क. १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेनं जिमी हिलच्या नेतृत्वाखाली संपाची नोटीस दिली आणि कमाल वेतन गेलं. तोवर मर्यादा २० पौंड होती. फुलहॅमच्या जॉनी हेन्सचा पगार लगेच १०० झाला. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमचा खटला. तो फॉरवर्ड होता, क्षमा असावी, पण निकाल बचावपटूंच्याही कामाचा. न्यायमूर्ती विल्बरफोर्स म्हणाले, राखीव यादीची ही पद्धत म्हणजे माणसाच्या धंद्यावर अन्याय्य बंधन आहे. फ्रँकलिन तेव्हा खेळून निवृत्त झाला होता. करार संपल्यावर फुकट जाण्याचा हक्क मात्र युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोसमन निकालानं आला. मग २०१८ मध्ये व्हर्जिल व्हॅन डाइक ७.५ कोटी पौंडांना लिव्हरपूलला आला, पुढच्या वर्षी हॅरी मॅग्वायर ८ कोटींना मँचेस्टर युनायटेडला. सेंटर हाफला इतका भाव! आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न क्लबात तीन महिने सराव केला, तेव्हा त्याला ही दुनिया जवळून दिसली. तोही फॉरवर्डच. कोल्हापूर सुधारणार नाही.

आता डोकं. हे मी तासभर बोलणार होतो.

ग्लासगो विद्यापीठात डॉ. विली स्टुअर्ट यांच्या पथकानं स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. २०१९ चा निष्कर्ष असा, की मेंदू झिजवणाऱ्या आजारानं मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्य माणसांच्या साडेतीन पट. २०२१ मध्ये त्यांनी जागेवार हिशेब केला. गोलकीपरला जोखीम बाकी लोकांइतकीच, म्हणजे नावापुरतीही जास्त नाही. बचावपटूला? सुमारे पाचपट. मैदानातल्या सगळ्या जागांत सर्वांत जास्त. लांब मारलेला चेंडू, गोलकीपरची किक, कॉर्नर, हे सगळं त्याच्याच कपाळावर येतं, आणि सामन्यापेक्षा जास्त वेळा सरावात येतं. १९६६ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या संघातला सेंटर हाफ जॅक चार्लटन २०२० मध्ये गेला, त्यालाही स्मृतिभ्रंश होता.

माझ्या धंद्यातला मुद्दा हा. वेस्ट ब्रॉमविचचा जेफ ॲस्टल २००२ मध्ये ५९ व्या वर्षी वारला, तेव्हा कोरोनरनं, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, कारण लिहिलं औद्योगिक आजार. गिरणीतल्या माणसाच्या फुप्फुसात कापूस जातो तेव्हा आपण जे म्हणतो, तेच. एकदा औद्योगिक आजार म्हटला की पुढचा प्रश्न नुकसानभरपाईचा, आणि तिथं अजून भांडण चालू आहे. क्लब म्हणतात, सिद्ध करा. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या क्लबात किती हेड मारले याचं हजेरीपत्रक कुणी ठेवलंय? २०२१ पासून इंग्लंडमध्ये सूचना आहे की सरावात आठवड्याला जोरकस हेड दहापेक्षा जास्त नकोत. लहान मुलांच्या सामन्यांतून हेडिंग टप्प्याटप्प्यानं काढताहेत.

दुसरी चिठ्ठी आली. संपवतोच. एवढंच मागणं आहे, पेठेत बारा-तेरा वर्षांच्या पोरांना कोचिंग देणारे इथं चार-पाच जण दिसताहेत. पोरांना ओळीत उभं करून लांबून चेंडू डोक्यावर मारायला लावता ते जरा आवरा. मुलांचे आई-वडील तुमच्याकडं करारपत्र मागत नाहीत म्हणून जबाबदारी संपत नाही, आणि उद्या मागायला लागले तर मी अजून सनद परत केलेली नाही.

टोनी ॲडम्सवरची टिपणं तशीच राहिली. आर्सेनलमध्ये सगळी कारकीर्द, एकविसाव्या वर्षी कप्तान, १९९६ मध्ये व्यसन जाहीरपणे कबूल केलं, आणि २००० मध्ये व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी उपचारांची संस्था काढली. त्याच्यावर पुढच्या वर्षी बोलवा. प्रश्न असतील ते चहाच्या वेळी विचारा, पण फॉरवर्डनी शेवटी.