भाकरीला वरणाची जोड का लागते

श्रोतेहो, नमस्कार.

ज्वारीचे पीठ मळताना आपल्याकडे त्यात आधणाचे पाणी घालतात. गव्हाच्या कणकेला मात्र साधे पाणी पुरते. ही रीत ज्यांनी आपल्याला शिकवली त्यांनी तिचे कारण सांगितले असेलच असे नाही, पण कारण पक्के आहे आणि ते प्रथिनांत दडलेले आहे. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने असतात. पाणी घालून मळले की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनची लवचीक जाळी तयार होते, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिचे मुख्य प्रथिन काफिरिन. ते पाण्यात विरघळत नाही आणि अशी जाळीही धरत नाही. मग पीठ एकजीव व्हावे कसे? तर उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगवून चिकट करायचा आणि भाकरी हलक्या हाताने थापायची. दोन्ही धान्यांत प्रथिने आहेत, दोन्ही प्रथिने अमिनो आम्लांचीच बनलेली आहेत, आणि तरीही काटवटीत त्यांचे वागणे इतके निराळे असते.

अमिनो आम्ल म्हणजे काय, ते आधी पाहू. एका कार्बन अणूला चार गोष्टी जोडलेल्या असतात: एक नायट्रोजन असलेला अमिनो गट, एक आम्ल गट, एक हायड्रोजन आणि चौथी एक बाजूची शाखा. पहिल्या तिन्ही गोष्टी सर्वत्र सारख्याच असतात, वेगळेपण सारे त्या चौथ्या शाखेत असते. ग्लायसीनमध्ये ती शाखा म्हणजे नुसता आणखी एक हायड्रोजन, तर ट्रिप्टोफॅनमध्ये दोन जोडलेल्या कड्यांची मोठी रचना. काही शाखांना पाणी आवडते, काही त्यापासून दूर पळतात, काहींवर विद्युतभार असतो, आणि सिस्टीनच्या शाखेत गंधक असते. आपल्या शरीरातली प्रथिने मुख्यतः अशा २० अमिनो आम्लांपासून बनतात. एकाचा आम्ल गट दुसऱ्याच्या अमिनो गटाला भेटतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पेप्टाइड बंध तयार होतो. असे बंध एकापुढे एक होत गेले की शेकडो अमिनो आम्लांची माळ होते.

या माळेत मण्यांचा क्रम ठरलेला असतो, ही गोष्ट आज सोपी वाटते, पण एके काळी रसायनशास्त्रज्ञांत तिच्याबद्दल एकमत नव्हते. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनचे तुकडे करत करत त्याचा संपूर्ण क्रम शोधला. त्यात ५१ अमिनो आम्ले निघाली, एका साखळीत २१ आणि दुसरीत ३०, आणि या कामासाठी त्यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सोलापूरकरांना क्रमाचे महत्त्व वेगळे समजावण्याची खरे तर गरज नाही. जकार्डच्या मागावर पुठ्ठ्यांतली छिद्रे सांगतात की कोणता धागा उचलायचा, आणि एक छिद्र चुकले तर चादरीवरच्या नक्षीत तो दोष पुन्हा पुन्हा उमटतो. पेशीत जनुक हे त्या पुठ्ठ्यांचे काम करते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले, एवढ्याच फरकाने ऑक्सिजन कमी असताना ते रेणू एकमेकांना चिकटतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते. विदर्भात आणि नंदुरबार भागात आढळणारा सिकलसेल आजार तो हाच. (चादरीचे सूत मात्र प्रथिन नव्हे, ते ग्लुकोजच्या साखळीचे सेल्युलोज असते. रेशीम प्रथिनाचे असते, म्हणूनच त्याचा धागा जाळला की केस जळल्याचा वास येतो आणि सुताचा धागा कागदासारखा जळतो.)

आता पुन्हा ताटाकडे वळू. आपण खाल्लेले प्रथिन जसेच्या तसे अंगी लागत नाही. पोटात आणि आतड्यात ती माळ तुटते, अमिनो आम्ले सुटी होतात आणि शरीर त्यांपासून स्वतःच्या माळा ओवते. वीसपैकी नऊ अमिनो आम्ले प्रौढ माणसाचे शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. चरबीसारखा त्यांचा मोठा साठाही करता येत नाही. मागावर एका रंगाची कांडी संपली तर बाकीच्या रंगांचे सूत कितीही शिल्लक असो, नक्षी पुढे सरकत नाही. तसेच या नऊपैकी एक जरी कमी पडले तरी प्रथिने बनवण्याचे काम तिथेच अडते.

ज्वारीत कमी पडणारे अमिनो आम्ल म्हणजे लायसीन. तिच्या १०० ग्रॅम प्रथिनात ते जेमतेम २ ग्रॅम असते, आणि मंगळवेढ्याची मालदांडी कितीही टपोरी आणि गोड असली तरी ही उणीव तिच्यातही असतेच. हिशेब मांडून पाहू. १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिन, म्हणजे ०.२ ग्रॅम लायसीन. ६० किलो वजनाच्या प्रौढाला दिवसाला साधारण १.८ ग्रॅम लायसीन लागते. ते नुसत्या भाकरीतून मिळवायचे तर ९०० ग्रॅम पीठ, म्हणजे बारा-पंधरा भाकऱ्या पोटात जायला हव्यात. त्याच १०० ग्रॅम पिठाच्या भाकरीबरोबर ५० ग्रॅम तुरीच्या डाळीचे वरण घेतले, तर डाळीतून सुमारे ११ ग्रॅम प्रथिन आणि ०.७ ग्रॅम लायसीन येते, आणि एका जेवणात दिवसाची निम्मी गरज भागते. डाळीत गंधकयुक्त मिथिओनीन कमी असते, ते धान्यातून मिळते, म्हणजे उपकार एकतर्फी नाहीत.

शेंगाचटणीचे काय, असा प्रश्न सोलापुरात कोणीतरी विचारणारच. शेंगदाण्यात प्रथिन भरपूर, १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅमच्या आसपास. परंतु त्या प्रथिनात लायसीनचे प्रमाण तुरीच्या जवळपास निम्मेच असते. मला स्वतःला कडक भाकरी, चटणी आणि दही यांपुढे दुसरे काही सुचत नाही, तरीही चटणी ही डाळीची जागा घेऊ शकत नाही, हे मान्य करावेच लागते. त्या ताटातले दही मात्र खरोखर उपयोगी पडते.

शिजवण्याचा परिणामही दोघांवर उलट होतो. डाळ शिजली की पचनात अडथळा आणणारे तिच्यातले काही घटक निकामी होतात आणि तिचे प्रथिन सहज पचते. ज्वारीचे पीठ पाण्यात शिजवले की काफिरिनच्या माळा सिस्टीनमधल्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना अधिकच जखडतात आणि पाचकरसांना दाद देत नाहीत. पीठ आंबवल्याने हे प्रथिन पचायला सोपे होते. उन्हाळ्यात घरोघरी होणाऱ्या आंबिलीत ज्वारीचे पीठ आंबवलेले असते आणि वर ताकही पडते. ताकातल्या केसिन या प्रथिनात १०० ग्रॅममागे सुमारे ८ ग्रॅम लायसीन असते, म्हणजे ज्वारीच्या चौपट.

नमस्कार.