कंदिलाच्या कामट्या, टोपीचे टाके

श्रोतेहो, नमस्कार.

कोजागरीचं दूध पिऊन झालं की दिवाळीला जेमतेम पंधरवडा उरतो. पहाटे उठून पंखा बंद करावा लागतो आणि माळ्यावरची लोकरीची पिशवी आठवते. या दिवसांत घराच्या ओट्यावर, चाळीच्या गॅलरीत, सोसायटीच्या गच्चीवर एकच चटई अंथरा. मुलांनी कंदील बांधायचा, शेजारी बसून मोठ्यांनी टोप्या विणायच्या. ही दोन्ही कामं एकत्रच करावीत, असं मला मनापासून वाटतं.

मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीतून फिरलं की एकापेक्षा एक देखणे आकाशकंदील दिसतात. ते जरूर बघा. पण आपला जुना पारंपरिक कंदील घरीच करा, कारण तो करताना मुलांना जे सापडतं ते विकतच्या कंदिलात मिळत नाही. त्याला सारख्या लांबीच्या 24 कामट्या लागतात. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे. त्यातले चार चौकोन टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा बांधत गोल फिरवायचे, मग एक वर आणि एक खाली. मधल्या मोकळ्या जागांत आठ त्रिकोण आपसूक तयार होतात! हे मुलांना आधी सांगू नका, त्यांचं त्यांना मोजू द्या.

बांधलेला सांगाडा सुरुवातीला डुगडुगतो आणि मुलं हिरमुसतात. गाठी सैल आहेत असं समजून दोरा आवळत बसू नका. त्रिकोण हलत नाही, पण चौकोन कोपऱ्यात दाबला की तिरका होतो, म्हणून सगळा सांगाडा कलतो. वरचा चौकोन दिव्यासाठी मोकळा ठेवून बाकीच्यांवर पतंगाचा कागद ताणून चिकटवा. खळ वाळली की तोच सांगाडा बराच ताठ उभा राहतो. खळ मैद्याची, रोज ताजी शिजवा. झुरळं लागू नयेत म्हणून पूर्वी तिच्यात मोरचूद घालत, पण ते विषारी आहे, मुलांच्या हातात नकोच. आत एलईडी दिवा लावा, तो फारसा तापत नाही. झिरमिळ्या कापायचं काम सगळ्यात धाकट्याकडे द्या. त्या वाकड्यातिकड्या आल्या तरी वाऱ्यावर छानच हलतात.

आता टोपी. आधी लोकरीचा छोटा तुकडा विणून पट्टीनं मोजा. समजा 10 सेंटीमीटरमध्ये 20 टाके बसले आणि नातवाच्या डोक्याचा घेर 50 सेंटीमीटर आला, तर टोपी 44 सेंटीमीटरची धरा. वीण ताणली जाते, म्हणून कमी घेतलेली टोपी कानांवर नीट बसते. म्हणजे 88 टाके. काठाला दोन सुलट, दोन उलट. वर निमुळतं करताना 88 टाक्यांचे आठ भाग पाडा. एक सुई, म्हणजे विणीची एक ओळ, सोडून एक, प्रत्येक भागात दोन टाके एकत्र विणा. असं दहा वेळा केलं की सुईवर आठच टाके उरतात. त्यांतून लोकर ओवून खेचली की शेंडा मिटतो. मागे शिवण घाला, वर हवा तर गोंडा लावा. गोंड्याची लोकर बोटांवर गुंडाळायला मुलं कंदील सोडून धावत येतात, आणि त्या गडबडीत एखादी नात विचारते, ‘आजी, सुलट टाका कसा घालायचा?’ तेव्हा हातातली सुई तिच्याकडे द्या. टाका गळला तर उचलता येतो, सगळंच बिघडलं तर उसवता येतं.

सुया चालत्या झाल्या की जवळच्या रुग्णालयातल्या तान्ह्या बाळांसाठीही टोप्या विणा. कमी वजनाच्या बाळाच्या अंगातली ऊब डोक्यावाटे लवकर निघून जाते. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं बिलगून ठेवण्याची कांगारू पद्धत 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिच्यातही बाळाच्या डोक्यावर टोपी असते. मात्र कोणतं सूत चालेल, किती मापाची टोपी हवी, हे तिथल्या परिचारिकांना आधी विचारा. या टोप्यांना गोंडा आणि नाड्या लावू नका.

एक आग्रहाची विनंती. सोसायटीत याची स्पर्धा ठेवू नका. बक्षीस आलं की आईबाबा मुलांच्या हातातून कात्री काढून घेतात. झालेले सगळेच कंदील जिन्यात, फाटकाशी, गच्चीवर लावा आणि त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहू द्या.

उद्या बाजारात जाल तेव्हा कामट्या 24 पेक्षा थोड्या जास्तच आणा. वाकवताना एखादी चिरते, आणि शेजारची मुलंही मागायला येतील. नमस्कार.