बर्फाच्या लादीवरची लिलियन गिश

पडद्यावर हे जे दिसतंय ना, तो खरा बर्फ आहे. 1920 चा मूकपट 'वे डाउन ईस्ट', अमेरिकेतल्या व्हरमाँटमधली गोठलेली नदी, आणि वाहत्या लादीवर आडवी पडलीये ती अभिनेत्री लिलियन गिश. तिच्या हाताकडे बघा आता. हात आणि केस पाण्यात सोडायची आयडिया तिचीच, दिग्दर्शक ग्रिफिथला ती आवडली आणि मग काय, टेकवर टेक, कॅमेऱ्याचं तेल गोठू नये म्हणून खाली शेकोटी पेटवलेली आणि हिच्या अंगात तो पातळ ड्रेस. त्या हाताची बोटं तिला पुढे आयुष्यभर त्रास देत राहिली.

मूकपट म्हणजे नुसते डोळे वटारणं असं म्हणतात लोक. इथे कुठे वटारलेत?

हे सगळं आलं स्टेजवरून. जन्म 1893 चा, ओहायोतला. वडिलांनी संसार वाऱ्यावर सोडला, आई नाटकात कामं करायला लागली आणि लिलियन न् धाकटी डोरोथी पण, अगदी लहान वयात, फिरत्या कंपन्यांबरोबर ट्रेनने गावोगाव. 1912 मध्ये दोघी ग्रिफिथकडे आल्या तर त्याला कोण कुठली कळेना, म्हणून म्हणे केसांत वेगवेगळ्या रंगाच्या रिबिनी बांधायला लावल्या. 1915 च्या 'बर्थ ऑफ अ नेशन'मध्येही ती आहे, तो वंशद्वेषी सिनेमा, ज्याने कू क्लक्स क्लॅनला, गोऱ्यांच्या त्या हिंसक वंशद्वेषी संघटनेला, परत जीव आला.

आता हे वादळ. 'द विंड', 1928, मोहावी वाळवंट. वाळू उडवायला विमानाचे पंखे लावलेत, आणि ऊन एवढं की फिल्म खराब होऊ नये म्हणून गार ठेवायला लागायची. चेहरा बघा फक्त.

बोलपट आले, ती ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर परतली. 1930 ला 'अंकल व्हान्या', 1936 ला ब्रिटिश नट जॉन गिलगुडच्या हॅम्लेटसमोर ऑफेलिया, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी! मग 1955, 'द नाइट ऑफ द हंटर', बंदूक घेऊन खुर्चीत झुलत बसलेली ही बाई तीच. 1971 ला मानद ऑस्कर, शेवटचा सिनेमा 1987 ला, नव्वदी ओलांडल्यावर. 1993 मध्ये गेली.

उतारवयात ती जुन्या मूकपटांचे तुकडे घेऊन व्याख्यानं देत फिरायची, हा वारसा जपा म्हणून सांगायची. तिने स्वतः दिग्दर्शित केलेला एकच सिनेमा, 1920 चाच, डोरोथीला घेऊन केलेला. त्याची आज एकही प्रिंट सापडत नाही.