डावं-उजवं

(दृश्य: काचेच्या पेटीत करडं यान. कॅमेरा उजव्या अंगाने सावकाश पुढे सरकतो.)

हे 'एंटरप्राइझ'. 'स्टार ट्रेक' या मालिकेतल्या अवकाशयानाचं मॉडेल, चित्रीकरणासाठी १९६४ साली बनवलेलं. लाकूड, पत्रा आणि प्लास्टिक, लांबी ११ फूट. १९७४ पासून ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अवकाश संग्रहालयाकडे आहे. खिडक्या, अक्षरं, दिवे सगळं जागच्या जागी. आता जरा पलीकडून या.

(दृश्य: तेच यान, डावी बाजू.)

उजवीकडची सजावट इथे नाही. चित्रीकरणाच्या वेळी इथे होत्या त्या अंगात शिरणाऱ्या वायरी. दिवे लावायचे तर वायरी कुठून तरी आत न्यायला हव्यात, त्या या बाजूने नेल्या. कॅमेरा कायम उजवीकडेच असायचा. यान उलट्या दिशेने जाताना दाखवायचं असलं, तर उजव्याच बाजूला उलटी अक्षरं चिकटवायची, चित्रण करायचं आणि फिल्म फिरवून घ्यायची. काम झालं!

आपल्याकडे नाटकातला वाडा असाच असतो. प्रेक्षागृहातून सागवानी खांब, विंगेतून बघितलं तर प्लायवूड आणि खिळे. त्या प्लायवूडला कुणी नावं ठेवत नाही. पण संग्राहक मॉडेल हातात घेतो तेव्हा नेमकी इथेच चूक करतो: सफाई बघून भुलतो. आजची कारखान्यातली प्रतिकृती चारी बाजूंनी चकचकीत असते, आणि कारागिरी म्हणून ती या यानापेक्षा सरस आहे, हे खुशाल मान्य करावं. चित्रीकरणाच्या वेळी या यानाच्या पुढच्या दोन घुमटांत जो प्रकाश गरगरायचा, तो ख्रिसमसच्या माळेतल्या दिव्यांचा आणि आरशाच्या तुकड्यांचा. मागे मोटर. पडद्यावर ते अणुभट्टीहून भारी दिसतं.

(दृश्य: एका छोट्या लढाऊ यानाचा अगदी जवळून घेतलेला पृष्ठभाग.)

'स्टार वॉर्स'च्या १९७७ सालच्या पहिल्या चित्रपटातल्या यानांची गोष्ट आणखी मजेदार. अंगावर ज्या बारीक पट्ट्या, नळ्या, झडपा दिसतात, त्यातल्या कित्येक दुकानात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि गाड्यांच्या प्लास्टिक किटमधून उचललेल्या आहेत. मॉडेलवाले याला किटबॅशिंग म्हणतात. हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं बसून कुठला तुकडा कुठल्या किटचा, याचा छडा लावलाय. रिकामटेकडेपणा वाटेल, पण पारख करणाऱ्याला याचाच आधार असतो.

कारण नक्कल करणाऱ्याला तो तुकडा सहज मिळत नाही. जुनं किट शोधून आणा, नाहीतर दुसऱ्या मॉडेलवरच्या तुकड्याचा रबरी साचा घेऊन त्यात रेझिन ओता. रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं. प्रतीवरून प्रत काढली की आणखी आकसतं. डोळ्याला कळत नाही, व्हर्नियर कॅलिपरला कळतं. शिवाय कडा बोथट होतात आणि कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे राहतात. भिंगाखाली आधी कोपरे बघावेत, रंग नंतर.

मग पडद्याशी जुळवणी. रंगाचा उडालेला टवका, हाताने ओढलेला वाकडा पट्टा, एका बाजूला सांडलेला डिंक, या खुणा चित्रपटातल्या फ्रेमशी किंवा कार्यशाळेतल्या जुन्या फोटोशी ताडून बघायच्या. इथे डाग म्हणजे जन्मखूण. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्सने असंच एक एक्स-विंग विकलं, म्हणजे 'स्टार वॉर्स'मधल्या लढाऊ यानाचं मॉडेल, 'रेड लीडर' या तुकडीप्रमुखाचं. मॉडेलकार ग्रेग जीन यांच्या मृत्यूनंतर ते त्यांच्या गॅरेजमधल्या खोक्यात सापडलं होतं. बोली ४ लाख डॉलरपासून सुरू झाली आणि ते शेवटी ३१ लाख ३५ हजारांना गेलं. हे मॉडेल दोन फुटांच्या आतलं!

लिलावाआधी जो अंदाज छापतात, तो मात्र फार मनावर घेऊ नये. २००६ साली क्रिस्टीज या लिलावसंस्थेने 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या मालिकेतल्या 'एंटरप्राइझ-डी'चं चित्रीकरणाचं मॉडेल काढलं, अंदाज होता २५ ते ३५ हजार डॉलर. गेलं ५ लाख ७६ हजारांना.

(दृश्य: लाकडी स्टँडवरचं तीन फुटी यान.)

पहिल्या 'एंटरप्राइझ'ला एक धाकटं भावंडही होतं, सुमारे तीन फुटी. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या टेबलावर असायचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी चित्रपटाच्या कामासाठी कुणाला तरी दिलं, ते परत आलंच नाही. २०२३ साली ईबेवर दिसलं, सुरुवातीची बोली १ हजार डॉलर. ओळखणाऱ्यांनी ओळखलं, जुन्या फोटोंशी ताडून झालं, आणि २०२४च्या एप्रिलमध्ये ते रॉडनबेरींच्या मुलाकडे पोचलं. लाकूड तेच, रंग तोच. हजार डॉलरच्या वस्तूचं अनमोल झालं ते ओळख पटल्यामुळे.

(दृश्य: निवेदकाचं टेबल. भिंग, वीतभर लांबीचं धातूचं यान, एक खोका.)

आता आपल्या खिशाला परवडणाऱ्या गोष्टीकडे. हे डिंकीचं डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं 'एंटरप्राइझ', क्रमांक ३५८. डिंकी म्हणजे लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा खेळण्यांचा कारखाना, १९७९च्या नोव्हेंबरमध्ये बंद पडला. यातून गोल चकत्या उडतात, आणि पोटातलं दार उघडलं की आत इवलंसं शटल. चकत्या सोफ्याखाली जातात, शटल कुठे जातं ते देव जाणे. त्यामुळे बाजारात या तुकड्यांच्या नवीन प्रती मिळतात. त्या लावणं गुन्हा नाही, न सांगता लावणं आहे.

मी हे 'मूळ खोक्यासह' म्हणून घेतलं आणि खोक्याचे पैसे यानापेक्षा जास्त मोजले. आठवडाभर आनंदात होतो. मग सहज खोक्यावर भिंग धरलं. त्या काळच्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके शिस्तीत, फुलासारख्या नक्षीत बसतात. इथे शाईचे बारीक तुषार होते, कसेही उडालेले. घरगुती प्रिंटर! यान मात्र अस्सल निघालं, खाचांत धुळीचा काळा थर, स्टिकरची एक कड उचललेली. तो थर काढायला हात शिवशिवतात. काढला नाही.

कारण मूळ रूपाला हात लावल्यावर काय होतं ते त्या ११ फुटी यानाच्या बाबतीत दिसलंय. १९९१ सालच्या दुरुस्तीत त्याच्या अंगावर गडद रेघा आणि मळकट छटा चढवल्या, चाहते खवळले. पुढच्या दुरुस्तीत तो रंग उतरवावा लागला. नशिबाने वरच्या तबकडीचा मूळ रंग कुणी झाकला नव्हता. त्याच्याशी जुळवत बाकीचं यान रंगवलं, आणि २०१६च्या जुलैमध्ये ते पुन्हा लोकांसमोर आलं.

(दृश्य: पुन्हा संग्रहालय. कॅमेरा वळसा घालून डावीकडे येतो आणि थांबतो.)

त्या दुरुस्तीत ही बाजू पुरी करायला साधनं होती, माणसं होती, नकाशेही होते. पुरी केली नाही. ती अजून तशीच बिनसजावटीची आहे.